ऐंशी किलोंचे नानासाहेब

आमच्या घरी सकाळ व्हायची ती मिक्सरच्या आवाजाने. सिडनीतल्या आमच्या कॅसल हिलमध्ये पहाटे मॅगपाय पक्षी फार गोड गातात, असं शेजारीपाजारी सांगत. आम्ही ते कधी ऐकले नाहीत, कारण नेमकी त्याच वेळी आई ओट्यापाशी उभी राहून भाजलेले शेंगदाणे दळत असायची आणि आमचा मिक्सर दाढ उपटली जाणाऱ्या माणसासारखा ओरडायचा. ते कूट मक्याच्या पिठाच्या पेजेत जायचं, वर चिमूटभर मीठ, आणि आई खुशीत असली तर गुळाचा खडा. मलावीतल्या ज्या गावात आई दर वर्षी बिनपगारी रजा घेऊन जायची, तिथे या पेजेला फाला म्हणतात. बाबा तिला पोटीस म्हणत, अर्थात आईच्या पाठीमागे. आई वेस्टमीडच्या मुलांच्या हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ होती. आहारतज्ज्ञाच्या घरी चांगलं खायला मिळत असेल असं ज्यांना वाटतं, ते आहारतज्ज्ञाच्या घरी कधी जेवलेले नसतात. आमच्याकडे स्वयंपाक होत नसे. शरीराला लागणाऱ्या गोष्टी पुरवल्या जात. आज पन्नाशी ओलांडल्यावर मेट्रोने सिटीत जाताना मी बघते, समोरची पोरं शेंगदाण्याच्या कुटाचा आणि कसल्याशा पिठाचा गोळा चकचकीत कागदातून काढून खातात आणि खाताना त्यांच्या चेहऱ्यावर पुण्य कमावल्याचा भाव असतो. आमच्या चेहऱ्यावर तो कधीच नव्हता. पण पोटीस तीच आहे.

मागच्या अंगणात कपडे वाळत घालायची फिरती लोखंडी छत्री होती, इथे प्रत्येक अंगणात असते तशी. आई मलावीला निघाली की सोबत न्यायचा नवा काटा त्या छत्रीच्या दांडीला टांगून तपासून घ्यायची. वर घड्याळासारखी तबकडी, खाली हूक, आणि हुकाला अडकवायची एक कापडी चड्डी. चड्डीत तान्ह्या मुलाचे पाय घालून मूल टांगायचं की सुई सरकते. आमच्याकडे तान्हं मूल नसल्यामुळे आई चड्डीत भोपळा घालायची. शेजारची म्हातारी कुंपणावरून बघून विचारायची, "यू राइट, लव्ह?" आई म्हणायची, "जस्ट वेइंग अ पम्पकिन." म्हातारी म्हणायची, "फेअर इनफ," आणि आत जायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पंधराव्या वर्षी आपल्या आईने भोपळ्याला चड्डी घातलेली बघणं सोपं नसतं. पण एक गोष्ट मला तेव्हाही मान्य करावी लागे. भोपळा हातात घेतला की आई आधी वजन सांगायची आणि मग काटा तिच्याशी सहमत व्हायचा. माणसांकडेही ती तसंच बघायची. पाहुणे दारात बूट काढत असतानाच त्यांचं वजन तिच्या डोक्यात पडलेलं असे. ती कधी बोलून दाखवत नसे, पण ते पाहुण्यांना कसं कोण जाणे कळत असे, कारण आमच्याकडे माणसं पोट आत घेऊन वावरत.

गावात हा काटा आंब्याच्या झाडाला टांगतात, आई सांगायची. बायका रांगेत बसतात. मूल टांगलं की ते किंचाळतं, पण त्याच्या आईचं मुलाकडे लक्ष नसतं. तिचे डोळे सुईवर असतात. मागच्या खेपेपेक्षा सुई पुढे सरकली तर बाईचे खांदे खाली येतात. नाही सरकली तर ती मूल काढून घेते, पाठीला बांधते आणि कुणाशी न बोलता चालू लागते, जणू तिची चोरी पकडली गेली. एस्नार्ट नावाची एक बाई आईची तिथली मैत्रीण होती. दोघी एका वयाच्या, दोघी तिरकस बोलणाऱ्या, आणि दोघींना एकमेकींची भाषा जेमतेम येत असल्यामुळे मैत्री टिकून होती. एस्नार्टचा पहिला मुलगा कुणा दयाळू लोकांच्या दयेने गेला. दयाळू लोकांनी गावाला दूधपावडरीचे डबे पाठवले होते, डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र. पोराला तसं गुटगुटीत करायचं म्हणून एस्नार्टने अंगावरचं दूध बंद करून बाटली धरली. पाणी ओढ्याचं, बाटली उकळायला सरपण नाही, आणि डबा पुरवून वापरायचा म्हणून पावडर दिवसेंदिवस पातळ. पोराला जुलाब लागले. डबा संपला तोपर्यंत तिचं स्वतःचं दूधही आटलं होतं. दुसरा डबा आला नाही. दया सहसा एकदाच येते, फोटो काढायला. आता तिला मुलगी झाली होती, तमांडा. ती काही महिन्यांची होती आणि तिची सुई आज पुढे तर उद्या मागे अशी चालली होती.

आईने त्या गावात जे काही उभं केलं होतं ते म्हणजे एक मोठं पातेलं. मका तिथलाच, शेंगदाणे तिथल्याच बायकांच्या शेतातले, विकत घेतलेले. त्या बायकाच आळीपाळीने आंब्याखाली फाला रांधायच्या. नियम एकच: मुलाच्या आईने आधी खायचं, तिथेच बसून, गरम. घरी न्यायचं नाही, कारण घरी नेलं की ते नवरा, सासू, दीर असं फिरत फिरत बाईपर्यंत पोचेतो पातेलं खरवडायला उरतं. बाई खाईल तर अंगावर दूध येईल, तिच्या अंगात उभं राहायचं बळ येईल, आणि मग मुलाचं पुढचं बघता येईल. हे आई आम्हाला मोठ्या आवेशाने सांगायची, ओट्यापाशी उभी राहून, आमची जेवणं झाल्यावर, कढईत उरलेलं खात. मी एकदा ते तिच्या लक्षात आणून दिलं. "यू डोंट इव्हन सिट, आई." ती म्हणाली, "मला घाई असते." त्या बायकांनाही असते, असं म्हणायचं मला सुचलं ते दहा वर्षांनी.

त्या वर्षी पातेल्याचे पैसे संपत आले होते. तिथे पावसाळ्याचे महिने उपासमारीचे असतात: मागचा मका संपलेला, नवा अजून शेतात उभा. त्या महिन्यांत पातेलं चढलं नाही तर तमांडाची सुई कुठे जाणार हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. म्हणून आईने, जन्मात पहिल्यांदा, आमच्या मंडळापुढे हात पसरला.

मंडळ म्हणजे सिडनीतल्या मराठी माणसांचं. पुण्यामुंबईहून आलेले डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक आणि त्यांच्या बायका, ज्याही बहुतेक डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापकच होत्या पण मंडळात त्यांच्याकडे श्रीखंड असे. अध्यक्ष नानासाहेब. ते हृदयरोगतज्ज्ञ होते, आणि तपासायला आलेल्या प्रत्येक माणसाला भात सोडायला लावत. त्यांचा स्वतःचा भात कुणी सोडवू शकलं नव्हतं. "मी फक्त दोन शब्द बोलणार आहे," असं ते म्हणाले की अनुभवी बायका कुकर लावायला उठत. त्यांच्या पत्नी शालिनीकाकू त्यांना चारचौघांत 'आमचे डॉक्टर' म्हणत. एखाद्या संस्थानाचा उल्लेख करावा तसं ते वाटे. बाबा मंडळाचे सेक्रेटरी होते. खुर्च्या मांडणं, हॉलची किल्ली परत करणं आणि भांडणात "जाऊ दे हो" म्हणणं हे त्यांचं काम, आणि ते त्यांना आवडायचं. मी पुढे बऱ्याच देशांत बऱ्याच समारंभांना गेले, मंत्री पाहिले, कुलगुरू पाहिले. पण नानासाहेबांसारखं हार घालून घेणं मी कुणात पाहिलं नाही. हार येताना दिसला की ते मान थोडी तिरकी करून डोळे मिटत, जणू हार ही त्यांना होणारी एक जुनी व्याधी आहे.

योगायोगाने त्याच वर्षी त्यांची एकसष्टी होती. बैठक आमच्याच दिवाणखान्यात भरली. आईने पातेल्याबद्दल सांगितलं. नानासाहेब डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "तुला करू."

कुणाला काही कळलं नाही.

"माझी तुला करू, वहिनी. एकसष्टीची. एका पारड्यात मी, दुसऱ्या पारड्यात दूधपावडरीचे डबे. माझ्या वजनाइतकं दूध तुमच्या आफ्रिकेतल्या बाळांना. इथला खासदार येईल, पेपरात फोटो येईल."

शालिनीकाकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. आई म्हणाली, "नानासाहेब, दूध नको. दुधाने तिथे मुलं दगावतात." आणि तिने एस्नार्टच्या मुलाची गोष्ट सांगितली. खोलीत कुणी तरी चहाचा कप फार हळू खाली ठेवला.

"ते त्यांच्या अज्ञानामुळे," नानासाहेब म्हणाले. "आपण सूचना छापून पाठवू. इंग्लिशमध्ये."

"तुम्हाला तुलाच करायची तर शेंगदाण्यांची करा ना. तुमच्या वजनाइतके शेंगदाणे आपण तिथल्या बायकांकडून घेऊ. उपासाचे सगळे महिने निघतील."

नानासाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "सोन्याची तुला ऐकली, रुप्याची ऐकली, गुळाची, ग्रंथांची. शेंगदाण्यांची तुला म्हणजे... काय माकडाची तुला आहे का, वहिनी?"

बाबांना ठसका लागला. तो चहाचा नव्हता.

"दूध कसं शुभ्र दिसतं," शालिनीकाकू समजुतीने म्हणाल्या. "फोटोत पण. आणि आमच्या डॉक्टरांनी एकदा ठरवलं म्हणजे ठरवलं. तुम्हाला न्यायला जमत नसेल तर ते परस्पर पाठवतील. जहाजवाला त्यांचा पेशंटच आहे."

आई गप्प झाली. ती गप्प होणं आमच्या घरात वादळाच्या आधीचं धरलं जाई, पण त्या दिवशी वादळ आलं नाही. ती एकदम गोड आवाजात म्हणाली, "बरं. मग डबे किती आणायचे ते मला बघायला हवं. वजन किती आपलं, नानासाहेब?"

नानासाहेब सोफ्यावर जरा सरळ झाले. "ऐंशी," ते म्हणाले.

सगळे खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर काहीही नव्हतं. गेल्याच दिवाळीत आमच्याकडे बागेतल्या खुर्चीवर नानासाहेब बसले होते, तेव्हा ती खुर्ची त्यांच्यासकट खाली गेली होती. ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

"ऐंशी," आई म्हणाली. "फेट्यासकट धरू ना?"

"फेट्यासकट."

रात्रीची भांडी पुसताना बाबा म्हणाले, "अगं, ऐंशी? माणूस शंभराच्या पुढे आहे. डबे कमी पडतील. मी सेक्रेटरी आहे, माझी अब्रू जाईल."

"ते डॉक्टर आहेत," आई म्हणाली. "मी कोण त्यांना खोटं पाडणार?"

"मग दुधाचं काय? मुकाट पाठवणार तू? तुझ्या नावाने जाणार ते डबे."

आईने कढई उचलली आणि उभ्यानेच उरलेली भाजी खाल्ली. "दिवाळीच्या चिवड्याचे शेंगदाणे मंडळाचे कुणी आणायचे ठरलंय?"

"तूच. का?"

"काही नाही. त्याच दिवशी आणते. बायका हॉलमध्ये भेटतीलच, वाटून टाकीन."

समारंभ एका शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये, रविवारी सकाळी. एकसष्ट दिव्यांनी ओवाळायचं होतं, पण हॉलवाल्यांनी ज्योत पेटवायला मनाई केली होती, म्हणून शालिनीकाकूंनी ख्रिसमसच्या दिव्यांची माळ ताटात गुंडाळून नानासाहेबांना ओवाळलं. ती अधूनमधून स्वतःहून लुकलुकायची. भिंतीवर एक पोस्टर होतं, हडकुळ्या मुलाचं, पोट पुढे आलेलं. "हे मूल कुणाचं?" आईने लावणाऱ्याला विचारलं. "आफ्रिकेतलंच आहे हो," तो दुखावून म्हणाला. पोस्टरच्या बरोबर खाली श्रीखंडाची पातेली होती, आणि लोक श्रीखंडापाशी उभे राहून मुलाकडे बघून च्च च्च करत, मग चमचा बुडवून गोडाचा अंदाज घेत. मी बरंच वाचलेलं आहे, माणसाच्या ढोंगाबद्दल लिहिणाऱ्यांचं तर मुद्दाम. त्यांतल्या कुणालाही ती जागा याहून नेमकी साधली नसती.

तराजू बाबांनी बनवला होता. ते पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर, न गळणाऱ्या परातीचीही त्यांनी गळती शोधून काढली असती. बांधकामाचे पाइप भाड्याने आणून त्यांनी एक भक्कम चौकट उभी केली होती, मधोमध आडवी दांडी, दोन्ही टोकांना दोरांनी लोंबकळणाऱ्या फळ्या. एका फळीवर खुर्ची, खुर्चीत नानासाहेब: रेशमी उपरणं, फेटा, शाल, मांडीवर नारळ. त्यांची फळी अर्थातच जमिनीला टेकलेली. आम्ही मुलांनी साखळी करून डबे हातोहात दुसऱ्या फळीवर चढवायचे होते. खासदार पहिल्या रांगेत, गळ्यात हार, काय चाललंय ते त्याला निम्मं कळलेलं. तो बाबांना म्हणाला, "सो ही गोज अप, मेट?" बाबा म्हणाले, "इव्हेंच्युअली."

डबे चढत गेले. सनई टेपवर लागली होती. डबे संपले. नानासाहेबांची फळी वर आली नाही.

सनई चालूच होती. नानासाहेब स्मितहास्य करत जमिनीवर बसून होते.

"अजून आणा की," शालिनीकाकू पुटपुटल्या.

"संपले," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा त्या डब्यांतल्या पावडरीइतका पांढरा झाला होता.

मागून कुणी तरी मार्ग सुचवला, "शाल काढा." शाल काढली. "नारळ घ्या हातातला." नारळ खासदाराकडे दिला, त्याने तो रग्बीच्या चेंडूसारखा काखेत धरला. "घड्याळ." घड्याळ काढलं. "फेटा?" "फेटा नाही," नानासाहेब दातांतून म्हणाले. हॉलच्या मागच्या बाजूला जी माणसं त्यांच्याकडून दर सहा महिन्यांनी वजनावरून बोलणी खात, ती एकमेकांना कोपरखळ्या मारायला लागली. एक जण मोठ्यांदा म्हणाला, "भात सोडायला हवा होता."

तेव्हा आई उठली. "मीनल, गाडीच्या डिकीतलं पोतं," ती मला म्हणाली. मी आणि बाबांनी ते ओढत आणलं. एकच पोतं. शेंगदाण्याचं. आईने ते दूधपावडरीच्या डब्यांवर आडवं टाकायला सांगितलं आणि बाजूला झाली.

नानासाहेब वर आले. हळूच, धक्का न बसता, आणि दुसऱ्या फळीच्या बरोबर समोर येऊन थांबले. दांडी अशी आडवी की तिच्यावर पाण्याचा पेला ठेवावा. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. बाबा दांडीकडे बघत राहिले, मग आईकडे, मग पुन्हा दांडीकडे. मला वाटतं, लग्नाला इतकी वर्षं होऊन त्या दिवशी ते पुन्हा एकदा तिच्या प्रेमात पडले, किंवा घाबरले.

टाळ्या थांबायच्या आत आईने माइक घेतला होता. "नानासाहेबांनी मला कुणाला सांगायला बंदी केली होती," ती म्हणाली. "पण आता मला राहवत नाही. आज तुम्हाला वाटलं डबे कमी पडले. कमी पडले नाहीत. नानासाहेबांनीच मुद्दाम कमी आणायला लावले. ते मला म्हणाले, वहिनी, दूध हे फक्त दाखवायला. तिथल्या मुलाबाळांना जगवेल ते त्यांच्याच मातीतलं. म्हणून शेवटचं पोतं शेंगदाण्याचं ठेवा, आणि लोकांना सांगा, हे डबे आपण दुकानाला परत करतोय. त्या पैशांनी माझ्या पूर्ण वजनाइतके शेंगदाणे तिथल्या बायकांकडून घ्या." मग तिने तेच इंग्रजीत सांगितलं. खासदार उभा राहिला, नारळासकट. "नाऊ दॅट," तो म्हणाला, "इज अ ब्लडी क्लास अॅक्ट." सगळा हॉल उभा राहिला.

तराजूत बसलेल्या माणसाची एक अडचण असते: तो उठला की तराजू कोसळतो. नानासाहेबांचे पाय जमिनीपासून वीतभर वर लोंबकळत होते. माइक दूर होता. शालिनीकाकूंनी "अहो, पण..." म्हणायला सुरुवात केली, पण त्यांच्या शेजारची बाई त्यांना मिठी मारून रडत होती. शेवटी नानासाहेबांनी जे केलं ते मी आजही विसरलेले नाही. त्यांनी मान तिरकी केली, डोळे मिटले, आणि उजवा हात आशीर्वादासारखा वर उचलला. श्रीखंड वाढेपर्यंत ते खासदाराला सांगायला लागले होते की शेंगदाण्यांचा विचार त्यांच्या मनात बरीच वर्षं घोळत होता.

दुकानदाराने बहुतेक डबे परत घेतले. चेपलेले आमच्याकडे राहिले. दिवाळीला मंडळातल्या बायकांनी त्या पावडरीचे गुलाबजाम केले आणि नानासाहेबांनी, त्यांच्याच तुलेच्या दुधाचे, सगळ्यांच्या देखत किती खाल्ले ते सांगत नाही. आई ते मोजत होती असं मला वाटलं. रिकाम्या डब्यांत आमच्याकडे पुढे कित्येक वर्षं रवा आणि पोहे राहत असत, वर हसरं बाळ.

पैसे गेले. पातेलं चढलं. हे मला माहीत आहे ते एका फोनमुळे. तिथल्या दवाखान्यातली नर्स अधूनमधून फोन करायची. आवाज दोनदोनदा ऐकू यायचा आणि आई सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडायची. त्या संध्याकाळी ती आधी नुसती ऐकत होती. मग ओरडली, "तमांडा? अँड तमांडा?" तिने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "अप?" तिने विचारलं. "शुअर? अप?" मग तिने विचारलं, "एस्नार्ट इज ईटिंग? सिटिंग डाउन?" पलीकडून जे उत्तर आलं त्यावर ती हसली, एस्नार्ट बसून जेवते आहे आणि पेजेत मीठ कमी असतं अशी तक्रारही करते आहे, असं ते होतं. आईने फोन ठेवला. बाबा टेबलापाशी पानं घेत होते. आई आली, खुर्ची ओढून बसली, स्वतःचं ताट स्वतःकडे ओढलं आणि आमच्या आधी, गरम गरम, जेवायला लागली. बाबांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. पोळ्या जरा जळल्या होत्या, कारण तव्यापाशी कुणीच नव्हतं.

नानासाहेब गेल्या वर्षी गेले, नव्वदी ओलांडून, भात न सोडता. मंडळाने शोकसभा ठेवली. आता मंडळात तरुण मंडळी आहेत, आयटीतली. त्यांना नानासाहेब फोटोतून माहीत. एका मुलाने पडद्यावर चित्रं दाखवली. त्यांत ते चित्र होतं: आडवी दांडी, हवेतले नानासाहेब, हात आशीर्वादाला. "शेंगदाणा-तुला," तो मुलगा म्हणाला, "ही त्यांची व्हिजनरी आयडिया होती. लोकल फूड, लोकल विमेन. तेव्हा कुणाच्या डोक्यात पण नव्हतं." लोकांनी हळहळत माना हलवल्या. शालिनीकाकूंनी डोळे टिपले. मी रागाने पेटले होते. पस्तीस वर्षं मी त्या चित्राबद्दल बोलायची वाट बघत होते, आणि मी उठणार इतक्यात शेजारी बसलेल्या आईने माझ्या मनगटावर हात ठेवला. ती आता ऐंशीच्या पुढे आहे, वयाने, वजनाने भोपळ्याइतकी.

"बस खाली," ती म्हणाली. "माणूस गेलाय."

"आई, हे धडधडीत खोटं आहे."

"हो ना," आई पडद्याकडे बघत म्हणाली. "त्या दिवशी ते खरं बोलले असते, तर डबे पुरले असते."